गर्भाचा पहिला आधार : पीतपिंड

मागील आठवड्यात आपण मासिक पाळीचे चक्र पाहिले. अंडाशयातून महिन्याला साधारणपणे एक अंडपेशी बाहेर पडते, ती गर्भनलिकेत शिरते, तेथे शुक्रपेशीशी गाठ पडली तर गर्भ तयार होतो, येथपर्यंत आपण आलो होतो. आज त्याच्या पुढची पायरी पाहू. अंडपेशी निघून गेली, पण ती ज्या पिशवीत वाढली त्या रिकाम्या पिशवीचे पुढे काय होते?

हा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयाच्या परीक्षेत शोभेल असा वाटतो. परंतु तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होऊ लागल्यापासून तो घराघरांत येऊन पोहोचला आहे. दिवस गेलेल्या बाईच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये पुष्कळदा एक ओळ असते : उजव्या किंवा डाव्या अंडाशयात ‘कॉर्पस ल्युटियम सिस्ट’. सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ. ‘गाठ’ हा शब्द कानावर पडला की घरातल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळते. ही गाठ कशाची असते, कशासाठी असते आणि तिला हात का लावायचा नसतो, हे नीट समजले तर निम्मी भीती तेथेच संपेल.

टरफल वाया जात नाही

भुईमुगाच्या शेंगेतून दाणा काढला की टरफल आपण टाकून देतो. अंडाशयात तसे होत नाही. अंडपेशी ज्या पिशवीत वाढते तिला पुटिका म्हणतात. पूर्ण वाढलेली पुटिका सुमारे दोन सेंटिमीटरची, पाण्याने भरलेली असते. ती फुटून अंडपेशी बाहेर पडली की उरलेले टरफल आकसते, त्याच्या भिंतीला घड्या पडतात आणि काही दिवसांतच त्याची एक पिवळी, भरीव ग्रंथी बनते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हिला पीतपिंड म्हटले आहे. कॉर्पस ल्युटियम या लॅटिन नावाचा अर्थही तोच, पिवळा पिंड.

हॉलंडमधील रेग्निए द ग्राफ यांनी १६७२ साली अंडाशयातील पुटिकांचे आणि या पिंडांचे वर्णन केले. कॉर्पस ल्युटियम हे नाव दिले ते इटलीतील माल्पिघी यांनी. पिवळा रंग येतो तो कॅरोटिनॉइड कुळातील रंगद्रव्यांमुळे. गाजराला, झेंडूच्या फुलाला आणि अंड्याच्या बलकाला रंग देणारी द्रव्ये याच कुळातली.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आम्हाला अंडाशयाच्या काचपट्ट्या दाखवीत. पीतपिंडाची काचपट्टी ओळखायला सोपी, कारण तिच्यात नेसूच्या निऱ्यांसारख्या घड्या पडलेला एक रुंद पट्टा दिसतो. मधल्या पोकळीत थोडे गोठलेले रक्त असते. पुटिका फुटताना झालेल्या रक्तस्रावाचा तो अवशेष होय.

हा पट्टा दोन प्रकारच्या पेशींचा बनलेला असतो. पुटिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ग्रॅन्युलोसा पेशी म्हणतात. अंडपेशी बाहेर पडल्यावर या पेशी फुगून मोठ्या होतात, त्यांचा व्यास सुमारे ३० मायक्रॉन होतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पीतपिंडाच्या पेशींपैकी सुमारे ८० टक्के पेशी या जातीच्या. सोयीसाठी आपण यांना मोठ्या पीतपेशी म्हणू. पुटिकेच्या बाहेरच्या आवरणात थिका नावाच्या पेशी असतात. त्यांच्यापासून लहान पीतपेशी बनतात, त्यांचा व्यास सुमारे १५ मायक्रॉन. या कडेला आणि निऱ्यांच्या खोबणीत घोळक्याने बसलेल्या दिसतात.

दोन्ही प्रकारच्या पेशी काचपट्टीवर फेसाळ दिसतात, जणू आत बारीक बुडबुडे भरले आहेत. हे बुडबुडे म्हणजे चरबीच्या थेंबांच्या रिकाम्या जागा. काचपट्टी तयार करताना वापरलेल्या अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, मागे पोकळी उरते. जिवंत पेशीत या थेंबांमध्ये कोलेस्टेरॉल साठवलेले असते.

कोलेस्टेरॉल म्हटले की वाचक दचकतील. पण प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही संप्रेरके कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. हा कच्चा माल येतो मुख्यतः रक्तातून, आणि येथे निसर्गाने एक विलक्षण सोय केली आहे. पुटिका फुटण्यापूर्वी ग्रॅन्युलोसा पेशींच्या थरात एकही रक्तवाहिनी नसते. थिका आणि ग्रॅन्युलोसा यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, रक्तवाहिन्या त्याच्या अलीकडेच थांबतात. पुटिका फुटली की हा पडदा विरतो आणि केशवाहिन्या भराभर आत शिरतात. थोड्याच दिवसांत जवळजवळ प्रत्येक पीतपेशीच्या दारात रक्त खेळू लागते. शरीरातील सर्वात जास्त रक्तपुरवठा असणाऱ्या ऊतींमध्ये पीतपिंडाची गणना होते.

पेशीच्या आत आणखी खोल पाहायचे तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्यात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली, तंतुकणिका. या पेशीच्या विजेच्या घरांसारख्या. इतर बहुतेक पेशींमध्ये त्यांच्या आतले पडदे फळीसारखे सपाट असतात, पीतपेशीत ते नळीसारखे असतात. कोलेस्टेरॉलपासून संप्रेरक बनविण्याची पहिली पायरी येथे पार पडते. दुसरी, नळ्यांचे दाट जाळे. त्याला गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका असे लांबलचक नाव आहे. पुढच्या पायऱ्या येथे होतात आणि प्रोजेस्टेरॉन तयार होते.

स्वादुपिंडातील पेशी इन्सुलिन बनवून पुड्या बांधून ठेवतात आणि लागेल तेव्हा सोडतात. पीतपेशीत प्रोजेस्टेरॉनच्या अशा पुड्या नसतात. माल तयार झाला की तो पेशीच्या आवरणातून पाझरून शेजारच्या केशवाहिनीत जातो. ताजी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी तसे. म्हणूनच प्रत्येक पेशीला रक्तवाहिनीचा शेजार लागतो, आणि म्हणूनच पिंडाचे काम थांबले की रक्तातील प्रोजेस्टेरॉन लगेच उतरते.

दोन जातींच्या पेशी एकमेकींना धरून चालतात. इस्ट्रोजेन बनविण्याच्या वाटेत आधी अँड्रोजेन नावाचे संप्रेरक बनावे लागते. मोठ्या पीतपेशीला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकर तिच्याजवळ पुरेसे नसते. लहान पीतपेशी ते बनवून देते, मोठी पीतपेशी त्याचे इस्ट्रोजेन करते. एका घरी दळण, दुसऱ्या घरी भाकरी, असा हा शेजारधर्म.

चौदा दिवसांची मुदत

पूर्ण कामाला लागलेले पीतपिंड दिवसाला सुमारे २५ ते ४० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन तयार करते. या प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड, रसदार होते आणि गर्भाला रुजायला जागा मिळते. गर्भाशयाचे स्नायू शांत राहतात. आईचे शरीर गर्भाला परके समजून हाकलून देत नाही, त्यातही त्याचा वाटा आहे. पहिल्या दिवसांत बाईला सारखी झोप येते, स्तन दुखतात, शौचाला साफ होत नाही, त्यालाही बऱ्याच अंशी हेच संप्रेरक कारण असते.

पण पीतपिंडाला मुदत ठरलेली असते, सुमारे चौदा दिवसांची. तेवढ्यात गर्भाची खबर आली नाही तर पेशी आक्रसतात, संप्रेरके उतरतात, अस्तर गळून पडते आणि पाळी येते. पिंडाच्या जागी पांढरा व्रण उरतो, त्याला श्वेतपिंड म्हणतात.

गर्भ राहिला असेल तर ही खबर कोण देते? गर्भ स्वतः. फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. त्या वेळी तो डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल. त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. आईच्या मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी जे संप्रेरक सोडून पीतपिंडाला चालना देते, त्याच्याशी एचसीजीची घडण इतकी जुळते की पीतपेशीच्या दारावरचे तेच कुलूप या किल्लीनेही उघडते. पिंडाला मुदतवाढ मिळते, पाळी चुकते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती लघवीत उतरलेल्या याच एचसीजीमुळे.

मुदतवाढ मिळालेले पीतपिंड वाढते. ते दोन-तीन सेंटिमीटरचे होते, कधी मध्ये पाणी साठून पाच सेंटिमीटरपर्यंतही जाते. मोठ्या पीतपेशी आणखी फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात काचेसारखे चकचकीत गुलाबी थेंब आणि चुन्याचे बारीक कण दिसतात. या खुणांवरून हा पिंड गर्भारपणातला आहे, हे विकृतिशास्त्रज्ञ ओळखतात.

हे कळले कसे?

दोनशेहून अधिक वर्षे हा पिवळा पिंड माहीत होता, पण त्याचे काम माहीत नव्हते. ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरातील गर्भविज्ञानाचे संशोधक गुस्ताव बॉर्न यांनी अशी कल्पना मांडली की ही ग्रंथी गर्भाला रुजायला मदत करीत असावी. नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थवैज्ञानिक मॅक्स बॉर्न यांचे हे वडील. ते १९०० साली वारले. लुडविग फ्रेंकेल यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत सशांवर प्रयोग केले. गाभण सशाचे पीतपिंड नष्ट केले की गर्भ टिकत नाहीत, असे त्यांना दिसले. १९२९ साली अमेरिकेत कॉर्नर आणि ॲलन यांनी डुकरिणीच्या पीतपिंडाचा अर्क काढून दाखविला. अंडाशय काढून टाकलेल्या सशांमध्येही त्या अर्काने गर्भ टिकला. १९३४ साली शुद्ध प्रोजेस्टेरॉन हाती आले.

माणसाच्या बाबतीत निर्णायक पुरावा मिळायला १९७२-७३ साल उजाडले. आर्पाड चापो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भपात करून घेण्यासाठी आलेल्या स्त्रियांमध्ये पीतपिंड काढण्याची शस्त्रक्रिया करून निरीक्षणे घेतली. सातव्या आठवड्यापूर्वी पिंड काढले तर गर्भपात होई. नवव्या आठवड्यानंतर काढले तर गर्भ टिकून राही. आणि लवकर पिंड काढूनही बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले तर गर्भ टिके. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात, हे ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ स्पष्ट आहे. सात ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान काम हातबदल होते. तोपर्यंत वार, म्हणजे अपरा, पुरेशी वाढलेली असते आणि प्रोजेस्टेरॉन तीच बनवू लागते. हरभऱ्याचा दाणा रुजतो तेव्हा मूळ जमिनीत धरेपर्यंत तो दाण्यातल्याच शिदोरीवर जगतो. पीतपिंड ही गर्भाची तशी शिदोरी होय. वारेने काम हाती घेतल्यावर पिंड हळूहळू आटते, आणि बाळंतपणानंतर त्याचाही श्वेतपिंड होतो.

रिपोर्टमधली ‘गाठ’

आता दवाखान्यात येऊ. माझ्याकडे मध्यंतरी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सून सात आठवड्यांची गरोदर. रिपोर्टमध्ये उजव्या अंडाशयात तीन सेंटिमीटरची कॉर्पस ल्युटियम सिस्ट. शेजारणीने सांगितले होते की गाठ वाढून बाळाला खाईल, आधी गाठ काढा.

‘‘डॉक्टर, पोर राहूदे, आधी सुनेचा जीव बघा. गाठ कधी काढायची तेवढं सांगा,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘मावशी, आजघडीला तीच गाठ तुमच्या नातवंडाला सांभाळते आहे,’’ मी सांगितले. ‘‘ती काढली तर बाळाचा आधारच जाईल.’’

कागदावर चित्र काढून समजावल्यावर सून पहिल्यांदा हसली. चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत ती गाठ जिरून गेलेली होती. बहुतेक जणींच्या बाबतीत असेच होते.

बहुतेक म्हटले, सर्व नव्हे. काही वेळा पिंडाला पीळ बसतो किंवा ते फुटून पोटात रक्तस्राव होतो. दुसरे असे की गर्भ नलिकेत रुजला असेल तर त्याची गाठ आणि पीतपिंड सोनोग्राफीत सारखेच भासू शकतात. म्हणून गर्भपिशवी गर्भाशयातच आहे ना, हे पाहून घेणे अत्यंत आवश्यक असते. पुढीलपैकी काही झाले तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे :

१. ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली तीव्र कळ, सोबत उलट्या.
२. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटणे, नाडी जलद होणे.
३. पोटदुखीबरोबर खांद्यात दुखणे.
४. अंगावर रक्त जाणे.

अशा प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागली आणि पहिल्या दहा आठवड्यांत पिंड काढणे भाग पडले, तर डॉक्टर बाहेरून प्रोजेस्टेरॉन देतात. ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत न चुकता घ्यावे.

गोळ्या आणि दोषारोप

‘मग दिवस गेले की सर्वांनीच प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या का घेऊ नयेत?’ असे पुष्कळ जण विचारतात. ब्रिटनमध्ये ४१५३ स्त्रियांवर याचा मोठा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त जाऊ लागलेल्या या स्त्रियांपैकी अर्ध्यांना प्रोजेस्टेरॉन आणि अर्ध्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले. पहिल्या गटात ७५ टक्के आणि दुसऱ्या गटात ७२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मात्र ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते आणि आता रक्त जात होते, त्यांच्यात हे प्रमाण ७२ आणि ५७ टक्के होते. म्हणजे औषधाचा उपयोग आहे, पण निवडक जणींना. कोणाला ते द्यायचे हे स्त्रीरोगतज्ज्ञाने ठरवावे, शेजारणीच्या चिठ्ठीवरून ते आणू नये.

याची दुसरी बाजूही सांगतो. गर्भपातासाठी वापरली जाणारी मिफेप्रिस्टोन ही गोळी प्रोजेस्टेरॉनचेच काम अडवते. पीतपिंड जे राखते ते ही गोळी मोडते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, दुकानातून परस्पर आणून ती घेणे धोक्याचे आहे. नलिकेत रुजलेला गर्भ तिने निघत नाही, आणि रक्तस्राव गोळीचा समजून बाई घरीच राहिली तर जिवावर बेतते.

शेवटचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये मूळ दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो. असा गर्भ नीट वाढत नाही, त्यामुळे एचसीजी कमी पडते, आणि म्हणून पीतपिंड माघार घेते. प्रोजेस्टेरॉन उतरणे हा पुष्कळदा गर्भ खालावल्याचा परिणाम असतो. घरात मात्र बोल लागतो तो सुनेला. ती पाण्याची कळशी घेऊन आली, जिना चढली, माहेरी जाऊन आली, म्हणून असे झाले. रोजच्या साध्या कामाने निरोगी गर्भ पडत नाही. पहिले मूल गमावलेल्या मुलीला दोष देणे हा अन्याय आहे, आणि शास्त्रालाही तो धरून नाही.

तेव्हा वाचकहो, दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना दाखवा, शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा, फॉलिक ॲसिडची गोळी सांगितल्याप्रमाणे घ्या. रिपोर्टमध्ये कॉर्पस ल्युटियम हा शब्द दिसला तर घाबरू नका. रिपोर्ट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि गर्भपिशवी कोठे आहे, गाठ किती मोठी आहे, पुन्हा कधी पाहायची, हे तीन प्रश्न विचारा.

पीतपिंडाकडून काम हाती घेणाऱ्या वारेची माहिती पुढील आठवड्यात.